विश्लेषण : हुमणीला बांध कळत नाही, कायद्याला वळीव कळत नाही

वेदगंगेच्या काठावरच्या मुरगूड परिसरात घर चालते ते उसावर. बिद्री आणि हमीदवाड्याचे साखर कारखाने जवळच. अशा शिवारात ऑगस्ट-सप्टेंबरला हिरवा ऊस एकाएकी पिवळा पडू लागतो, जरा ओढताच बेट मुळासकट हातात येते आणि खालच्या मातीत जाड, पांढरी, वेटोळी झालेली अळी सापडते. ही हुमणी. एकाने खर्च करून उपाय केलेला असतो, बांधापलीकडच्याने केलेला नसतो. मग त्या शेजाऱ्याला भाग पाडता येते का?

कायदा काय म्हणतो?

भाग पाडता येते. मुंबई प्रांताने १९४७ मध्ये शेतीवरील कीड व रोगांसाठी स्वतंत्र कायदा केला. तेव्हा मुरगूड कोल्हापूर संस्थानात होते. संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. या कायद्यानुसार सरकार अधिसूचना काढून एखादी कीड, रोग किंवा तण उपद्रवी ठरवू शकते, क्षेत्र व मुदत ठरवू शकते आणि त्या क्षेत्रातल्या प्रत्येक कब्जेदारावर उपाययोजना बंधनकारक करू शकते. तपासणी अधिकाऱ्याला शेतात जाता येते, नोटीस देता येते. नोटीस देऊनही कोणी हलले नाही, तर सरकारने स्वतः काम करून घ्यायचे आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करायचा.

म्हणजे कागदावर हा कायदा जणू हुमणीसाठीच लिहिलेला आहे. एकाच्या आळसाचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, हे त्याने गृहीत धरले आहे.

मग अडते कुठे?

वेळेत. पहिला दमदार वळीव झाला की त्या संध्याकाळी अंधार पडताना जमिनीतून भुंगेरे बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोरीवर जमतात, पाला खातात, मिलन होते आणि उजाडण्याआधी परत मातीत शिरतात. मादी पन्नासेक अंडी घालते. वर्षात पिढी एकच. त्यामुळे झाडे हलवून भुंगेरे गोळा करण्याची संधीही वर्षातून थोड्याच संध्याकाळी मिळते. त्यातही नदीकाठच्या जमिनीत हुमणीची जी दुसरी जात सापडते, तिचे भुंगेरे पाला फारसा खात नाहीत, त्यामुळे झाडांवर औषध फवारूनही उपयोग होत नाही. तिथे प्रकाश सापळे आणि मातीतून मेटारायझियम बुरशीचा वापर हेच मार्ग उरतात. प्रकाश सापळ्याचेही तसेच. गावात एकानेच लावला तर आसपासचे भुंगेरे त्याच्याच शेताकडे येतात.

आता हे आणि अधिसूचना, तपासणी, नोटीस, मुदत, वसुली ही साखळी शेजारी ठेवून पाहावी. नोटिशीची मुदत संपेपर्यंत अंडी फुटून अळ्या मुळांना लागलेल्या असतात. उभ्या उसात शिरून त्या काढणे कोणाच्याच आवाक्यातले नाही. त्याशिवाय एका कृषी सहायकाकडे अनेक गावे. त्याने गावातल्याच माणसाला नोटीस बजावायची आणि उद्या त्याच्याच दारात योजनेचा अर्ज घेऊन जायचे. कायदा वापरात नाही याचे खापर त्याच्यावर फोडणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

सक्ती कधी चालते?

तारीख आधीच ठरलेली असते तेव्हा. मद्रास प्रांताने १९१९ मध्ये असाच कायदा केला आणि कोइमतूर भागात ठरलेल्या तारखेआधी कापसाच्या पऱ्हाट्या उपटण्याची सक्ती केली. कीड दिसण्याची वाट पाहायची नव्हती. तारीख उलटली की नियम मोडला. विदर्भात २०१७ साली गुलाबी बोंडअळीने हाहाकार केल्यानंतर राज्याने काही हंगामांत १ जूनपूर्वी शेतकऱ्यांना कापूस बियाणे विकण्यास मनाई केली, त्यामागचा विचारही हाच. लवकर पेरा झाला नाही की अळीला सुरुवातीचे खाद्य मिळत नाही.

हुमणीसाठी असा आदेश एप्रिलमध्येच निघायला हवा. गावे ठरलेली, पहिल्या वळवाची संध्याकाळ हीच तारीख, आणि सापळ्यांचा खर्च कोणाचा हेही त्यातच लिहिलेले.

कारखान्यांचा यात काय संबंध?

आठवावे २००२ साल. उसावरचा लोकरी मावा सांगली भागात दिसला आणि बघता बघता कोल्हापूर, बेळगावपर्यंत पोहोचला. पाने पांढरी, खाली चिकटा, त्यावर काळी बुरशी. फवारणीने तो आवरला नाही. डिफा आणि मायक्रोमस हे त्याला खाणारे मित्रकीटक संशोधन केंद्रे व कारखान्यांनी वाढवून शेतोशेत सोडले, तेव्हा तो उतरला. हे काम नोटिशीने झाले नाही. कोणाचा ऊस कोणत्या गटात, लागण की खोडवा, हे कारखान्याच्या चिटबॉयला तोंडपाठ असते. इतकी ताजी माहिती तालुक्याच्या कचेरीतही नसते. सरकारच्या ‘क्रॉपसॅप’ कीड सर्वेक्षणाची २००९-१० मध्ये सुरुवात झाली तीही कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा, भात या पिकांपासून. उसाची भिस्त मुख्यतः कारखान्यांवरच राहिली.

बेण्याचे काय?

इथे तर सगळे मोकळेच आहे. गवताळ वाढ, काणी, लाल कूज हे रोग कांडीतून प्रवास करतात. उत्तर प्रदेशात बहुतेक क्षेत्र व्यापणारी को ०२३८ ही जात लाल कूज रोगाने मोडकळीला आली, त्यात रोगट बेण्याचा वाटा मोठा होता. केंद्राच्या १९१४ च्या कीटक व रोगराई कायद्यानुसार बटाट्याचा वॉर्ट, केळीचा पर्णगुच्छ, सफरचंदावरचा स्कॅब अशा मोजक्या रोगांसाठी राज्याबाहेर रोपे-बियाणे नेण्यावर बंधने आहेत. जुने कायदे मोडून नवी चौकट उभारणारे कृषी जैवसुरक्षा विधेयक २०१३ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर न होताच व्यपगत झाले.

मुरगूडपासून निपाणी, म्हणजे कर्नाटक, काही मैलांवर आहे. बेण्याची ट्रॉली तिकडून इकडे येते, इकडून तिकडे जाते. वाटेत तिचे वजन होईल, पण कांडी उभी चिरून आत लाल पडली आहे का, हे पाहणारे नाक्यावर कोणी नाही. ते ट्रॉली उतरवून घेणाऱ्यालाच पाहावे लागते, सरीत कांडी टाकण्याआधी.