उपकरप्राप्त इमारती : मालकी हक्काचे अवघड गणित

खास प्रतिनिधी, मुंबई

भेंडीबाजारातील हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ रोजी कोसळली आणि ३३ जणांचा बळी गेला. शंभरी ओलांडलेली ही इमारत धोकादायक असल्याचे सरकारी यंत्रणेला ठाऊक होते. परिसराच्या समूह पुनर्विकास योजनेत तिचा समावेश झालेला होता आणि काही कुटुंबांचे स्थलांतरही झाले होते. कागदावर योजना, नियम आणि परवानगी असे सारे काही असूनही माणसे जुन्याच भिंतींच्या आधाराने राहत होती. मुंबईच्या जुन्या इमारतींचा प्रश्न नेमका याच अंतरात अडकला आहे. भाडेकरूला मालकी हक्काचे घर देण्याचे आश्वासन कायद्याने दिले खरे. पण त्याची पूर्तता बाजारभावाच्या हवाली केली. बाजाराचे गणित जुळते तेथे टॉवर उभा राहतो, जुळत नाही तेथे चाळीला टेकू लागतात.

या प्रश्नाची मुळे भाडे नियंत्रणात आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. मात्र तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळवत अर्धशतक टिकला. मिळणाऱ्या भाड्यात डागडुजीही होईना, तेव्हा घरमालकांनी इमारतींकडे पाठ फिरवली. दुसरीकडे पागडीचा व्यवहार फोफावला. भाडेकरूने पागडीपोटी मोठी रक्कम मोजलेली असे, पण मालकी त्याच्याकडे येत नसे. मालकाकडे मालकी असे, पण ताबा नसे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही गोठवलेली भाडी वाजवी राहिली नसल्याचे स्पष्ट केले. त्यानंतर आलेल्या आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने दरवर्षी चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली आणि पागडीच्या व्यवहाराला कायदेशीर मान्यताही दिली. तथापि, मूळ भाडेच नाममात्र असताना त्यावरील चार टक्क्यांनी कोणतीही इमारत सावरणे शक्य नव्हते.

तोपर्यंत शासनाने दुसरा मार्ग धरलेला होता. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचनेचा कायदा झाला. शहर भागातील जुन्या भाडेकरू इमारतींवर उपकर बसवून त्यातून दुरुस्ती करायची, ही त्यामागील कल्पना. त्या वेळी अशा १९ हजार ६४२ इमारतींची नोंद झाली. त्यांपैकी १६ हजार ५०२ इमारती १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या, म्हणजे 'अ' वर्गातील होत्या. आज सर्वांत तरुण 'अ' वर्ग इमारतीचेही वय पंचाऐंशीच्या पुढे गेले आहे. पुढे दुरुस्ती मंडळ म्हाडाचा भाग झाले. काही इमारती कोसळल्या, काहींची पुनर्रचना झाली, तरीही उरलेल्यांची संख्या हजारोंतच आहे. दुरुस्तीने इमारतीचे आयुष्य काही वर्षांनी वाढते, नवे होत नाही, हे मंडळाच्या पहिल्या काही दशकांतच ध्यानात आले.

येथे विकास नियंत्रण नियमावली चित्रात आली. १९९१ च्या नियमावलीतील कलम ३३(७) चा गाभा साधा आहे. विकासकाने जुन्या भाडेकरूला नव्या इमारतीत मोफत, मालकी हक्काची सदनिका द्यायची; त्या बदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र मिळते आणि त्यावरील सदनिका तो खुल्या बाजारात विकतो. शहर भागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक १.३३ आहे. २०१८ पासून लागू झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये उपकरप्राप्त इमारतींसाठी तो ३, किंवा पुनर्वसनाला लागणारे क्षेत्र अधिक त्याच्या किमान ५० टक्के प्रोत्साहन, यांपैकी जे अधिक असेल तेवढा आहे. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचे घर मिळते. थोडक्यात, शासनाने तिजोरीतून पैसा देण्याऐवजी हवेतली जागा दिली.

ही जागा सर्वांना सारखी लाभत नाही, ही यातील खरी मेख आहे. उदाहरणादाखल ४० खोल्यांची एक दाटीची चाळ घेऊ. प्रत्येकाला ३०० चौरस फूट दिल्यास पुनर्वसनासाठी १२ हजार चौरस फूट लागतात. त्यावर ५० टक्के प्रोत्साहन, म्हणजे सहा हजार चौरस फूट विक्रीला. जिने, लिफ्ट, वाहनतळ यांचा हिशेब बाजूला ठेवला, तरी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक एका चौरस फुटाने तीन चौरस फुटांचा बांधकाम खर्च पेलायचा आहे. भाडेकरूंचे बांधकाम काळातील पर्यायी भाडे, महापालिकेचे शुल्क, घरमालकाचा मोबदला आणि कर्जावरील व्याज हेही त्यातूनच भागवायचे. मलबार हिल वा ग्रँट रोडच्या मोक्याच्या भूखंडावर हे जमते. डोंगरी, भुलेश्वरच्या बोळातील चिंचोळ्या भूखंडावर उंच इमारतीला आवश्यक मोकळी जागा आणि अग्निशमन दलाच्या गाडीला रस्ता सोडल्यानंतर मंजूर चटईक्षेत्र वापरायलाच जागा उरत नाही. जेथे दाटी सर्वाधिक आणि धोकाही सर्वाधिक, तेथे विकासकाचा रस सर्वांत कमी, असा हा उलटा न्याय आहे.

यावर उपाय म्हणून कलम ३३(९) खाली समूह पुनर्विकासाची कल्पना पुढे आली. अनेक भूखंड एकत्र करून रस्ते रुंद करायचे आणि नव्याने आखणी करायची. भेंडीबाजारात सुमारे साडेसोळा एकरांवरील अडीचशे इमारतींसाठी सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने हाती घेतलेली योजना हे त्याचे ठळक उदाहरण. तेथे एका समाजाचा विश्वास आणि एका संस्थेचे बळ पाठीशी होते; तरीही कामाला वर्षानुवर्षे लागली आणि हुसैनी इमारतीची दुर्घटना त्या दरम्यानच घडली. जेथे घरमालक पन्नास, भाडेकरू हजार आणि प्रत्येकाचा वकील वेगळा, तेथे काय होत असेल याची कल्पना केलेली बरी.

दुसरा प्रश्न संरक्षणाचा. पुनर्विकासासाठी पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागे; ती अट आता ५१ टक्क्यांवर आणली गेली आहे. मूठभरांच्या आडमुठेपणामुळे सर्वांचा जीव धोक्यात राहू नये, हा त्यामागील हेतू रास्तच. मात्र संमती सोपी करताना संमती दिलेल्या भाडेकरूची हमी तितकीच पक्की व्हायला हवी होती. विक्रीच्या सदनिका घेणाऱ्या ग्राहकाला २०१७ पासून महारेराचे छत्र आहे. त्याच इमारतीतील जुन्या भाडेकरूची भिस्त प्रामुख्याने विकासकाशी केलेल्या करारनाम्यावर आणि मंडळाच्या ना-हरकत प्रमाणपत्रातील अटींवर असते. विकासकाने काम थांबवले आणि पर्यायी भाडे बंद केले, की हा भाडेकरू ना जुन्या घरात, ना नव्या. संक्रमण शिबिरांत ज्यांच्या पिढ्या सरल्या आणि ज्यांची नावे म्हाडाच्या बृहत्सूचीत वाट पाहत राहिली, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

ही त्रुटी ओळखून विधिमंडळाने २०२० मध्ये म्हाडा कायद्यात दुरुस्ती केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती अमलात येण्यास २०२२ उजाडले. रखडलेले प्रकल्प म्हाडाने ताब्यात घ्यावेत, तसेच धोकादायक इमारतीच्या पुनर्विकासाची संधी आधी घरमालकाला, मग भाडेकरूंच्या संस्थेला आणि दोघेही पुढे न आल्यास म्हाडाला मिळावी, असा तिचा आशय आहे. दिशा योग्य आहे. पण या तरतुदीखालील नोटिसांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात पोहोचला. घरमालकांचा भूसंपादनाला असलेला विरोधही जुनाच आहे. ७० टक्के रहिवाशांच्या मागणीवरून मासिक भाड्याच्या शंभर पट मोबदल्यात इमारत त्यांच्या संस्थेसाठी संपादित करण्याची १९८६ ची तरतूद सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठापर्यंत गेली. सर्वच खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असा निर्वाळा त्या पीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने दिला. यापुढे संपादनाचा मार्ग अधिक काळजीपूर्वक, वाजवी मोबदल्यासह चोखाळावा लागेल, हे उघड आहे.

टॉवर उभा राहिल्यानंतरही प्रश्न संपत नाहीत. सदनिकेची किल्ली मिळाली म्हणजे मालकी पूर्ण झाली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः जमिनीचे अभिहस्तांतरण संस्थेच्या नावे होईपर्यंत ती अर्धीच असते. १९६३ चा मालकी हक्क सदनिका कायदा यासाठीच आहे आणि विकासक टाळाटाळ करत असेल, तर २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाचीही सोय झाली आहे. दुसरा भार मासिक देखभाल खर्चाचा. चाळीत दोन-तीनशे रुपये भाडे भरणाऱ्या कुटुंबाच्या वाट्याला लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक आणि अग्निशमन यंत्रणेचा खर्च येतो. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्ध दाम्पत्याला तो पेलत नाही. मग घर विकून वसई-विरार वा बदलापूर गाठले जाते. मिळालेल्या पैशाने संसार सावरतो, हे मान्य करायला हवे. परंतु मूळ रहिवाशाला त्याच जागी ठेवण्याचा पुनर्विकासाचा उद्देश तेथे हरतो.

म्हणूनच केवळ चटईक्षेत्र वाढवत नेण्याने प्रश्न सुटेल, हा भ्रम सोडायला हवा. वाढीव चटईक्षेत्र हे ज्या भूखंडांवर गणित आधीच जुळते, त्यांनाच अधिक लाभदायक ठरते. गरज तीन गोष्टींची आहे. पर्यायी भाड्याची किमान दोन-तीन वर्षांची रक्कम इमारत रिकामी होण्यापूर्वीच स्वतंत्र बँक खात्यात जमा व्हावी आणि भाडेकरूचा करारनामा नोंदणीकृत असल्याखेरीज पाडकामाला परवानगी मिळू नये. देखभालीसाठी पुरेसा कायम निधी ही ना-हरकत प्रमाणपत्राची काटेकोर अट असावी. आणि ज्या बोळांत बाजार कधीच येणार नाही, तेथील इमारती शासनाने स्वतःच्या पैशाने उभारण्याची तयारी ठेवावी. वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. तेथे जमीन सरकारी आणि जबाबदारीही सरकारची होती. जुन्या शहरातील खासगी मालकीच्या चिंचोळ्या भूखंडांवर ही जबाबदारी नेमकी कोणाची, याचे उत्तर १९६९ पासून टोलवले जात आहे. दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. त्या यादीतील रहिवाशांना नोटिशीबरोबर डोक्यावरच्या छपराची हमीही मिळणार नसेल, तर ते घर सोडणार नाहीत. आणि त्यांना त्याचा दोषही देता येणार नाही.