गावची नोंदवही गावानेच लिहावी

मृगाच्या तोंडावर बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या बाजारात शेवळाच्या जुड्या दिसू लागतात. सोबत काकडाची हिरवी फळे असतात. काकडाशिवाय शेवळं शिजवली तर घसा खवखवलाच म्हणून समजा. ही युक्ती आपल्याला पुस्तकाने नाही, रानात फिरणाऱ्या ठाकूर-कातकरी बायांनी शिकवली. पुढे टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, करटुली अशी रांगच लागते. पण शेतकरी बंधूंनो, यातली किती नावे तुमच्या ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहेत?

खरे तर ती असायलाच हवीत. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि गावातली झाडे, वेली, जनावरे, पिकांचे वाण यांची लोकजैवविविधता नोंदवही करायची. काम रेंगाळले तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि त्यानंतर राज्यांना महिना १० लाख रुपये भरावे लागतील असे बजावले. दंडाच्या धाकाने कागद रंगतात, पण त्याने गावची नोंद होते का? बाहेरच्याने टेबलावर बसून एका गावची यादी दुसऱ्या गावाला डकवली, तर वांगणीची वही आणि मलंगगडाच्या पायथ्याची वही सारखीच दिसणार. सरपंचांनी आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एकदा कपाट उघडून आपली वही वाचून पाहावी.

कुणी म्हणेल, पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे ते लिहायचं कशाला? हळदीचं घ्या. जखमेवर हळद दाबायची हे कोणत्या घरात माहीत नाही? तरीही १९९५ साली अमेरिकेत त्यावर पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. त्या संस्थेने झगडून १९९७ साली ते रद्द करून घेतले. पण त्यासाठी आजीचा शब्द पुरला नाही, जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढे ठेवावे लागले. आपल्या बदलापूरच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेही फळाचे गुण आणि मुलूख कागदावर मांडल्यावरच.

दुसरे कारण डोळ्यांसमोर आहे. शहर वाढतेय, भातखाचरात भराव पडतोय, डोंगरउतारावर प्लॉट पडताहेत. जे गेले ते काय होते, हे नोंद नसेल तर सांगणार कोण? ब्रिटनमध्ये १८५२ पासून वनस्पतींच्या नोंदीसाठी देशाचे भाग पाडलेले आहेत आणि भागाभागातली नोंद हौशी माणसे बिनपगारी ठेवतात. म्हणूनच २०२३ साली त्यांना आकड्यानिशी सांगता आले, की १९५० च्या दशकापासून तिथल्या निम्म्याहून अधिक मूळ जाती घटल्या. आपल्याकडे नुसते ‘पूर्वी खूप होतं हो’ एवढेच उरते.

मग करायचे काय? आधी माहितगार बाया समितीत आणा. कायद्याने समितीत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना जागा राखल्या आहेत, त्या केवळ सहीपुरत्या नकोत. नाव गावच्या बोलीतलेच लिहा. फोडशीलाच कुठे कुलू म्हणतात, तेव्हा दोन्ही नावे हवीत. कोणत्या महिन्यात, कोणत्या माळावर, कोणता भाग खातात, कशासोबत शिजवतात, वीस वर्षांपूर्वी मिळायची तेवढी आज मिळते का, हे सगळे आले पाहिजे. शाळेच्या मास्तरांनी मुलांना सोबत घ्यावे. मात्र वैदूचे औषध त्याच्या परवानगीशिवाय वहीत उतरवू नका.

बांधावरचेही विसरू नका. कुणाचं जांभूळ आधी पिकतं, कुणाच्या कणगीत जुनं हळवं किंवा गरवं भात अजून शिल्लक आहे, तेही लिहा. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो आणि त्याला नोंदणी शुल्क लागत नाही. कर्जतचे भात संशोधन केंद्र आपल्यापासून लांब नाही. मूठभर बियाणे घेऊन जा आणि विचारा.

आणखी एक. गावच्या हद्दीतून व्यापारासाठी वनस्पती नेणाऱ्याकडून शुल्क घेण्याचा अधिकार ४१व्या कलमाने समितीला दिला आहे. पण वहीतच नाव नसेल तर कशाच्या जोरावर मागणार?

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ही वही मोठ्याने वाचायला लावा. तेव्हा रानभाजी दारात असते आणि जाणत्या बायाही समोर असतात. जिथे चुकले असेल तिथे त्या सांगतील. भाऊसाहेबांनी फक्त लिहून घ्यायचे.