बुधियाच्या जात्यावर चाललेलं बंड

प्रेमचंदांच्या ‘कफन’बद्दल कुणी बोलायला लागलं, की मला आधीच कळतं गाडी कुठे थांबणार. घीसू आणि माधव. हे बापलेक आळशी का, व्यवस्थेनं त्यांना तसं केलं का? राबणाऱ्यांचीही दशा वाईटच, मग राबायचं कशाला, हा कथेतल्या निवेदकाचाच युक्तिवाद आपण मान डोलावत स्वीकारतो. कथेतल्या जातीच्या चित्रणावर दलित समीक्षकांनी घेतलेला आक्षेप मला रास्त वाटतो. पण माझ्या पाहण्यातले वाद तिथूनही पुन्हा या दोन पुरुषांपाशीच येतात.

आणि झोपडीत बाळंतवेणांनी तडफडणारी बुधिया? तिला अख्ख्या कथेत एक वाक्य नाही. नुसतं विव्हळणं.

माझ्या मते कथेतला मुख्य संघर्ष गरीब विरुद्ध जमीनदार हा नाहीच. जमीनदार चिडून दोन रुपये फेकतो आणि सुटतो. खरा संघर्ष आहे तो बुधिया आणि तिच्या जिवावर जगणारे हे दोघे यांच्यात. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. दळण दळून, गवत कापून ती यांची पोटं भरत होती. ती घरात आल्यावर दोघं आणखी सुस्तावले, कुणी कामाला बोलावलं तर दुप्पट मजुरी मागू लागले. इथे थांबा जरा. ही मागणी एरवी आपण बंड म्हणून मिरवू. पण ती परवडली कुणामुळे? संध्याकाळच्या पिठाची सोय कुणीतरी करत होतं म्हणूनच ना!

बरं, बापलेकांचं नातं तरी कसलं? ती आत मरतेय आणि माधव उठत नाही, का तर तेवढ्यात बाप जास्तीचे बटाटे संपवेल. हे दोघं एकमेकांच्या जवळ येतात ते थेट दारूच्या गुत्त्यात. कफनासाठी तासाभरात जमलेल्या पाच रुपयांवर. तिथे माधव रडतो, बाप त्याची समजूत घालतो, आणि आपण वाचक हळवे होतो. (मीही दर वेळी होतो. प्रेमचंद लिहितातच तसं.)

पण त्याच गुत्त्यात माधव उरलेल्या पुऱ्या भिकाऱ्याला देतो, तेव्हा घीसू त्या भिकाऱ्याला सांगतो, जिची ही कमाई ती तर मेली, तिला आशीर्वाद दे. समीक्षक काहीही म्हणोत, घीसूला हिशेब पक्का ठाऊक होता.