हॅर्टाचा पत्ता

नेरूळच्या एका सोसायटीत महिन्याच्या शेवटच्या रविवारी वाचनकट्टा भरतो. गेल्या खेपेला विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी होती. पुस्तक एका बैठकीत संपणारं, पण दीड तास काथ्याकूट झाला तो एकाच प्रश्नावर. हॅर्टा खरी होती का? बेडेकर स्वतः महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून बोटीने परतले होते. म्हणजे कादंबरीचा नायक चक्रधर विध्वंस हे तेच, आणि मग बोटीवरची ती जर्मन ज्यू मुलगीही असणारच! एक काका ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र चिठ्ठ्या लावून घेऊन आले होते. एका काकूंना वेगळीच काळजी होती. हे सगळं मालतीबाईंना ठाऊक होतं का?

मालतीबाई म्हणजे बेडेकरांच्या पत्नी, विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिणाऱ्या. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ आलं, तेव्हा ही विभावरी कोण म्हणून महाराष्ट्राने असाच पिच्छा पुरवला होता. नवरा-बायको दोघांच्याही वाट्याला वाचक आला तो पंचनाम्याला निघाल्यासारखा. कादंबरी हाती पडली की आपल्याकडे आधी तिचं कूळ विचारतात.

कॉलेजात जाणारी एक मुलगी मध्येच म्हणाली, “पण हे असं मागेपुढे का सांगितलंय?” तिला कुणी उत्तर दिलं नाही. चहा आला.

खरा प्रश्न तिचाच होता. फडके-खांडेकरांच्या ऐन भरात, १९३९ साली, बेडेकरांनी काळाची सरळ ओळ मोडली, पल्लेदार भाषा टाकली आणि शेवटी हॅर्टाची पत्रं वाचकाच्या हातात दिली. ती वाचताना कळतं की चक्रधरला जे उशिरा उमगलं, ते आपल्यालाही उशिराच उमगावं अशी ही मांडणी आहे. हे सोडून आम्ही हॅर्टाचा पत्ता शोधत बसलो.

बरं, संदर्भच शोधायचे तर ते पानापानावर आहेत, आणि तपासताही येतात. नोव्हेंबर १९३८मध्ये जर्मनीभर ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फुटली. त्यानंतर माणसं मिळेल त्या बोटीने निघाली. शांघायला व्हिसा लागत नव्हता, म्हणून हजारो जण तिकडे गेले. मे १९३९मध्ये ‘सेंट लुई’ नावाची बोट नऊशेवर ज्यूंना घेऊन हवानाला पोचली. मोजके लोक सोडले तर कुणाला उतरू दिलं नाही, आणि ती बोट युरोपात परत आली. ‘रणांगण’मधली बोट याच काळातली आहे. मुंबईला चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. ही अडवणूक प्रेमातली नाही, कागदपत्रांतली आहे. एवढं कळल्यावर हॅर्टा एक होती की शंभर, याने काय फरक पडतो?

कट्ट्यावरचे दोघे-तिघे उलव्याचे. रोज अटल सेतूवरून शिवडीला जातात. जाताना डाव्या हाताला जे पाणी पसरलेलं दिसतं, ते हॅर्टाला जिथे उतरता आलं नाही त्याच मुंबई बंदराचं. मी तसं म्हटलं तेव्हा एकजण जरा थबकला आणि म्हणाला, “तिथून रोज जातो हो, पण टोलचाच विचार असतो.” दीड तासातलं हे एकच वाक्य मला वाचकाचं वाटलं.

पुढच्या महिन्यात नेमाड्यांची ‘कोसला’ आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे नेमाडेच ना, हे विचारायला निम्मे लोक आत्ताच सरसावलेत. त्यांची सोय म्हणून सांगून ठेवतो: नेमाड्यांचं सांगवी जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात आहे. नकाशा आणू नका, पुस्तक वाचून या.