योगक्षेम: लोकांचा आणि घरचा



तुमच्या नात्यात किंवा ओळखीत एक तरी विमावाले काका असतीलच. दिवेलागणीच्या वेळी दारात उभे राहणारे, काखेत फुगलेली बॅग, तोंडावर हसू. आपण चहाचं आधण ठेवतो आणि मनात म्हणतो, झालं, आता तासाभराची निश्चिंती! आज त्या बॅगेमागच्या माणसाविषयी बोलू या. म्हणजे माझ्या मामांविषयी. लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. अट एकच, नाव छापायचं नाही.

मामा म्हैसूरचे. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर कन्नड. बी. कॉम. झाल्यावर आयुर्विम्याचे एजंट झाले आणि पुढे विकास अधिकारी म्हणून निवृत्त झाले. विकास अधिकारी म्हणजे काय, हे मला खूप उशिरा कळलं. नवे एजंट शोधायचे, त्यांना शिकवायचं, त्यांच्याबरोबर लोकांच्या घरी जायचं आणि एजंट काम सोडून गेला की त्याच्या ग्राहकांची समजूतही आपणच घालायची. लोक भेटतात संध्याकाळी आणि रविवारी. म्हणजे जगाची सुट्टी ती मामांची ड्यूटी.

म्हैसूरला विम्याचं वावडं कधीच नव्हतं. म्हैसूर संस्थानाने १८९१ मध्येच आपल्या सरकारी नोकरांसाठी विमा योजना सुरू केली होती. तेव्हा दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. पुढे स्वतंत्र भारतात १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला. आकाशवाणीवरून देशाला ही बातमी सांगणारे अर्थमंत्री आपले रायगडचे चिंतामणराव देशमुख. देशी-परदेशी मिळून २४५ विमा कंपन्या आणि सोसायट्या एकत्र झाल्या आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं. महामंडळाने बोधवाक्य घेतलं ते गीतेतलं. त्यातला ‘योगक्षेम’ हा शब्द मामांच्या फार आवडीचा. ते एजंटांना समजावून सांगत: “योग म्हणजे जे नाही ते मिळवणं. क्षेम म्हणजे जे मिळालं ते सांभाळणं. पॉलिसी विकलीत तो योग. पुढची वीस वर्षं ती चालू राहिली तर क्षेम.”

मामा क्षेमाच्या बाजूचे. शहरातला एक कारखाना बंद पडला, तेव्हाची गोष्ट मामी सांगते. तिथल्या कामगारांचे हप्ते पगारातून परस्पर कापले जात. पगारच थांबला, तसे हप्तेही थांबले. बऱ्याच जणांना वाटलं, नोकरीबरोबर विमाही गेला. मामा म्हैसुरातच बनलेल्या आपल्या येझदीवरून घरोघर फिरले. “नोकरी गेली, पॉलिसी गेलेली नाही. हप्ता आता स्वतः शाखेत भरायचा,” एवढंच सांगायला. त्या फेऱ्यांत नवीन धंदा एका पैशाचा नव्हता. पण दोन-तीन वर्षांनी त्यातल्या एका घरचा कर्ता माणूस गेला आणि त्याच्या बायकोला पैसे वेळेवर मिळाले. ती बाई अजून दसऱ्याला मामांकडे येते. मामीसाठी म्हैसूर मल्लिगेचा गजरा आणते.

आता घरची बाजू. मार्च म्हणजे मुलांच्या परीक्षा आणि मामांचा मार्च एन्ड. माझ्या मामेबहिणीची दहावीची परीक्षा कुठल्या केंद्रावर होती, हे मामांना आजही सांगता येणार नाही. मात्र त्या वर्षीचा त्यांच्या शाखेचा आकडा त्यांना तोंडपाठ आहे. हे ते स्वतःच सांगतात आणि मग थोडा वेळ गप्प बसतात.

गाण्याचंही तसंच. मामांना कर्नाटक संगीताचं वेड. सात तारांचं व्हायोलिन वाजवणाऱ्या टी. चौडय्यांच्या शहरात वाढलेला माणूस तो! व्ही. व्ही. मोहल्ल्यातल्या आठव्या क्रॉसच्या गणेशोत्सवात मोठमोठ्या कलाकारांच्या मैफली होतात. मामी मुलांना घेऊन वेळेवर जाऊन बसायची आणि शेजारची एक खुर्ची पिशवी ठेवून अडवायची. मामा यायचे ते बॅगेसकट, शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी. कर्नाटक मैफलीची सुरुवात बहुधा वर्णमने होते आणि शेवट मंगलमने. मामी म्हणायची, “तुमच्या मामांनी जन्मभर नुसतं मंगलमच ऐकलं.”

मग निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना मामांना हृदयविकाराचा झटका आला. मामा आयसीयूत आणि आम्ही सगळे बाहेर. तिसऱ्या दिवशी मामेभावाने विचारलं, “आई, बाबांच्या पॉलिसींचे कागद कुठे आहेत?” मामी बघतच राहिली. तीस वर्षं विमा अधिकाऱ्याची बायको असून तिला ठाऊक नव्हतं. घरात कपाटं दोन, बॅगा पाच आणि कागद सगळे लोकांचे! शोधता शोधता एका जुन्या फाईलमध्ये मामांची पहिली पॉलिसी सापडली, लग्नाआधी घेतलेली. नॉमिनी म्हणून नाव होतं त्यांच्या आईचं. आजी जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

वाचकहो, यात काय बिघडलं असतं, ते नीट समजून घ्या. नॉमिनी आधीच गेलेली असेल आणि दुसरं नाव नोंदवलेलं नसेल, तर पैसे बुडत नाहीत. पण ते वारसांकडे जातात आणि वारस कोण, हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. त्यासाठी अनेकदा कोर्टाचा वारस दाखला लागतो. म्हणजे घरात सुतक आणि घरची बाई वकिलाच्या दारात. जे टाळा म्हणून मामांनी शेकडो घरांत सांगितलं, तेच त्यांच्या घरात घडता घडता राहिलं.

मामा वाचले. घरी आल्यावर त्यांना हे सांगितलं, तेव्हा ते आधी हसले आणि मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “लोकांचा क्षेम केला गं, घरचा नाही केला,” असं ते मामीला म्हणाले. मामीचं उत्तर तिच्या स्वभावासारखंच होतं: “मग आता बसा आणि करा.”

त्या रविवारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. काय काय केलं, ते मी मुद्दाम लिहिते. तुम्हालाही करता येईल:

एक, साध्या दोनशेपानी वहीत सगळ्या पॉलिसींचे नंबर, रक्कम, हप्त्याची तारीख आणि शाखा उतरवून काढली.

दोन, प्रत्येक पॉलिसीवरचा नॉमिनी तपासला. तो कधीही बदलता येतो. अर्ज भरून शाखेत द्यायचा आणि बदल नोंदवल्याची पोच घ्यायची. लग्न झालं, मूल झालं, घरात कोणी गेलं की ही आठवण व्हायलाच हवी.

तीन, नॉमिनी अज्ञान मूल असेल, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान माणसाचं नावही नोंदवलं आहे ना, ते पाहिलं.

चार, पॉलिसीवरचं नाव, बँक खात्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळवून पाहिलं. मामीचं माहेरचं नाव दोन ठिकाणी निघालं!

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. वही कुठे ठेवली, ते मामीला, मुलाला आणि मुलीला दाखवलं.

दुपार गेली, पण लग्नानंतर इतका वेळ दोघं समोरासमोर बसल्याचं मामीला आठवत नव्हतं.

कामाचा माणूस आवडीनिवडी जपू शकत नाही, असं मात्र नाही हं. चिंतामणराव देशमुखांचंच बघा. देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या या माणसाने कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं, संस्कृतात कविता केल्या आणि बागेची आवडही जपली. तिकडे अमेरिकेत चार्ल्स आइव्ह्ज नावाचे गृहस्थ दिवसा न्यूयॉर्कमध्ये आयुर्विम्याची मोठी एजन्सी चालवत आणि रात्री, सुट्टीच्या दिवशी संगीतरचना करत. त्यांच्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. वेळ कोणाला आयता मिळत नाही. हप्त्यासारखा तो थोडा थोडा बाजूला काढावा लागतो. वेळेच्या पॉलिसीत मात्र एक अडचण आहे. चुकलेले हप्ते व्याजासकट भरून ती पुन्हा चालू करता येत नाही. मुलीची दहावी परत येत नाही.

मामा आता सकाळी मामीबरोबर कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारतात. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावरच चालायला सांगितलं आहे, म्हणून चामुंडी टेकडीच्या हजारेक पायऱ्या नातवाकडे सोपवल्या आहेत. जुने ग्राहक तलावावर भेटले की विम्याचं विचारतात. मामा म्हणतात, “घरी या, इथे नको.” हा नियम मामीचा.

मागच्या गणेशोत्सवात मी म्हैसूरला होते. आठव्या क्रॉसला आम्ही मैफलीच्या अर्धा तास आधीच पोचलो. मामीने सवयीने शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली. मामांनी ती उचलून मांडीवर घेतली आणि तिथे बसले. वर्णम सुरू झालं. मामी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “बघ, आले की नाही वेळेवर!”

तर वाचकहो, येत्या रविवारी एक वही आणा. कागद काढा, नॉमिनी तपासा, घरच्यांना शेजारी बसवा. आणि तुमच्या विमावाल्या काकांनी दारावरची बेल वाजवली, तर चहा देताना एवढं जरूर विचारा, “काका, तुमच्या घरचे कागद जागेवर आहेत ना?”

पुन्हा भेटूच.