घरची तालीम पुरी झाली, आता पुढे काय?

दरवर्षी निकालाचे दिवस आले की मोहल्ल्यात एकच विषय असतो. कुणाला किती टक्के पडले, कुणाची ॲडमिशन कुठे झाली. या गडबडीत काही घरे मात्र गप्प असतात. त्यांच्या मुलांचे शाळेत जाणे पाचवी-सातवीतच थांबलेले असते. कुणी मुलाला हिफ्जसाठी काढले, कुणाच्या मुलीचे हायस्कूल दुसऱ्या गावात होते, कुणाला फी झेपली नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये बंद पडलेली शाळा काहींसाठी पुन्हा सुरूच झाली नाही. काही पालकांनी तर पूर्ण विचार करून, दीनी माहोलात शिकवायचे म्हणून मुलांना घरीच शिकवले.

या निर्णयाला आम्ही चूक म्हणत नाही. अनेक घरांत आई-वडिलांनी शाळेपेक्षा जास्त कष्ट घेतले आहेत. प्रश्न वेगळा आहे. निर्णय घेतला अब्बा-अम्मीने, पण अठराव्या वर्षी त्याची किंमत मोजतो तो मुलगा किंवा मुलगी. किंमत जड होते ती बहुतेक वेळा अभ्यासामुळे नाही, तर वेळेवर न भरलेल्या फॉर्ममुळे आणि न जपलेल्या कागदामुळे.

कायदा काय म्हणतो?

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला. तो 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला शाळेत घालणे हे त्यात पालकांचे कर्तव्य सांगितले आहे, पण ते पाळले नाही म्हणून पालकाला शिक्षेची तरतूद नाही. 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा या कायद्याच्या बाहेर ठेवल्या गेल्या. म्हणजे घरी शिकवणाऱ्याला कुणी पकडायला येत नाही. पण मुलाचे काय चालले आहे हे विचारायलाही कुणी येत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. शाळेतल्या मुलाला नववीत सर आठवण करून देतात. घरी ती आठवण कोण करणार?

दोन रस्ते

आपल्याकडे दहावी-बारावीचे प्रमाणपत्र मिळवण्याचे दोन मुख्य रस्ते आहेत. पहिला राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म. तो भरून मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते. दुसरा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. ही केंद्र सरकारची संस्था 1989 पासून काम करते. दहावीसाठी 14 वर्षे पूर्ण असावी लागतात. माध्यमांत उर्दू आणि मराठीही आहेत. एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि पास झालेल्या विषयाचे गुण जपून ठेवले जातात. हिफ्ज करणाऱ्या मुलासाठी ही सोय मोठी आहे. यंदा दोन विषय, पुढच्या वेळी तीन, असे जमते.

पण इथे एक गोष्ट पालक विसरतात. दहावी आणि बारावीच्या प्रमाणपत्रांत दोन वर्षांचे अंतर लागते. सतराव्या वर्षी दहावी दिली तर बारावी एकोणिसाव्या वर्षीच. म्हणून विचार तेराव्या वर्षी सुरू व्हायला हवा.

दुसरी गोष्ट विषयांची. पास व्हायला सोपे म्हणून गणित आणि विज्ञान सोडले जाते. दोन वर्षांनी मुलगी म्हणते, मला फार्मसी करायची आहे, आणि मग कळते की दार आपणच बंद केले. मुक्त विद्यालयातून डॉक्टर होता येत नाही, असे अजूनही बरेच लोक सांगतात. ते आता खरे नाही. 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा रस्ता मोकळा झाला. मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेतलेलेच हवेत.

दाखला नाही, तर काय?

महाराष्ट्रात शाळा सोडल्याचा दाखला हा सगळ्या कागदांचा बाप आहे. जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, सगळे त्यावरूनच बघितले जाते. बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा ओबीसी जमातींच्या मुलांना जातीचा दाखला आणि पडताळणी लागते. त्यात 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा मागतात. मुलाचा दाखला नसेल तर वडिलांचा, आजोबांचा शोधावा लागतो. हे काम महिन्याभरात होत नाही.

म्हणून शाळेतून नाव काढताना दाखला घ्याच. नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला काढून ठेवा. जन्मदाखला, आधार आणि मार्कशीट यांवर नावाचे स्पेलिंग एकच ठेवा. एका कागदावर ‘शेख’ आधी आणि दुसऱ्यावर नंतर, एवढ्यावरून फॉर्म अडतो.

कागदापलीकडचे

घरी शिकलेले मूल बऱ्याचदा हुशार असते, पण तीन तास बसून पेपर लिहायची सवय नसते. महिन्यातून एकदा घड्याळ लावून जुना पेपर सोडवून घ्या. बँकेत, पोस्टात, तहसील कचेरीत त्यालाच पुढे करा आणि आपण मागे उभे राहा. मराठी बोलता आणि लिहिता आलीच पाहिजे, कारण उद्या तलाठी, पोलीस, नर्स, शिक्षक यांतले काहीही व्हायचे तर तीच कामाची भाषा आहे.

सगळ्यांनी बी.ए. करावे असेही नाही. दहावीनंतर आयटीआय आहे, तीन वर्षांचा पॉलिटेक्निक डिप्लोमा आहे. घर सांभाळून किंवा कमावत शिकायचे तर इग्नू आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. मदरशातून आलिम झालेल्यांसाठी अलीगढ मुस्लिम विद्यापीठाने 2013 मध्ये ब्रिज कोर्स सुरू केला.

मुलींबाबत वेगळे बोलायला हवे. हिजाबच्या वादानंतर काही घरांनी मुलींचे कॉलेजच नको म्हटले. चेंबूरच्या एका महाविद्यालयाने हिजाबवर घातलेल्या बंदीला ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, हेही त्यांना सांगायला हवे. घरी बसवणे हा शेवटचा उपाय असावा, पहिला नव्हे.

आमची जमातीच्या जबाबदार लोकांना एक विनंती आहे. प्रत्येक मशिदीत जुम्याच्या नमाजनंतर वर्षातून एकदा तरी फॉर्मच्या तारखा जाहीर व्हाव्यात. मोहल्ल्यातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी 13 ते 18 वयाच्या, शाळेत न जाणाऱ्या मुलांची यादी करावी. एक वही आणि एक पेन, एवढाच खर्च. घरच्या तालमीवर आई-वडिलांनी जी मेहनत घेतली, ती एका कागदासाठी वाया जाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.