पानाच्या तळाची ओळ

दैनिक हातात आले की कोणी पहिल्या पानापासून आरंभ करतो, कोणी क्रीडापानापासून, तर कोणी थेट बाजारभावांपासून. परंतु पानाच्या तळाशी अतिशय बारीक अक्षरांत छापलेली एक ओळ सहसा कोणी वाचत नाही. व्यवसायात तिला 'प्रिंटलाइन' म्हणतात. मुद्रक कोण, प्रकाशक कोण, संपादक कोण आणि अंक कोठे छापला, एवढाच तपशील तीत असतो. मुंबईच्या 'लोकसत्ता' आणि 'इंडियन एक्स्प्रेस' या दैनिकांच्या त्या ओळीत वर्षानुवर्षे जो पत्ता येत आला आहे, तो नवी मुंबईचा आहे : ईएल-२०८, टीटीसी औद्योगिक क्षेत्र, महापे.

ही ओळ कायद्याने आली. १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व मुद्रणाचे स्थळ देणे बंधनकारक केले. ज्याचे नाव संपादक म्हणून छापले आहे, तो मजकुराला जबाबदार आहे असे न्यायालय गृहीत धरणार, ही त्यामागची मेख. बातम्यांच्या निवडीची जबाबदारी कोणाची, हे अनेक दैनिके म्हणूनच त्या ओळीत स्पष्ट लिहितात. दीडशेहून अधिक वर्षे टिकलेला तो कायदा १ मार्च २०२४ पासून मागे पडला आणि त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा अमलात आला. संज्ञापनाची पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला हा इतिहास माध्यमकायद्याच्या तासाला शिकवला जातो. तो शिकताना महापेचा एक फेरफटका झाला, तर पुस्तकातील कलमे कशासाठी आहेत हे चटकन ध्यानी येते.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या टीटीसी पट्ट्यात कारखाने उभे राहू लागले. सिडको आली १९७० मध्ये. म्हणजे नवी मुंबई हे नियोजित शहर येण्यापूर्वीच येथे धुराडी होती. पुढे त्याच महापेत मिलेनियम बिझनेस पार्क झाले आणि माहिती-तंत्रज्ञानाची कार्यालये आली. छापखान्याला असे ठिकाण का सोयीचे, हे नकाशा पाहिला की कळते. शिळफाट्याकडे वळले की कल्याण-डोंबिवली, उत्तरेस ठाणे, वाशीच्या पुलावरून मुंबई आणि दक्षिणेस पनवेलवरून कोकण व पुणे. वृत्तपत्र हा नाशवंत माल आहे, भाजीपाल्याहूनही अधिक. मेथीची जुडी दुपारपर्यंत तरी विकली जाते. सकाळी नऊनंतरच्या दैनिकाला विचारतो कोण?

मुंबई विद्यापीठाने २००० सालाच्या सुमारास 'बॅचलर ऑफ मास मीडिया' हा तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. घरोघरी तो 'बीएमएम' या तीन अक्षरांनी ओळखला गेला. पुढे रुईया, साठ्ये अशा महाविद्यालयांत तो मराठी माध्यमातूनही शिकवला जाऊ लागला. २०१९-२० पासून त्याचे नाव 'बीए मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन' झाले, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी अथवा चार वर्षांनी ऑनर्स असे दोन मार्ग उपलब्ध झाले आहेत. नावे बदलली तरी गाभा फारसा बदललेला नाही. पहिल्या दोन वर्षांत भाषा, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, चालू घडामोडी, माध्यमांचा इतिहास, जनसंपर्क, संशोधनपद्धती असा बराच विस्तृत पसारा असतो. तिसऱ्या वर्षी रस्ता दुभंगतो : एका बाजूस पत्रकारिता, दुसऱ्या बाजूस जाहिरात.

हा फाटा पालकांना नीट उमगलेला नसतो. त्यांच्या दृष्टीने 'मीडिया' म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसणारा चेहरा. प्रत्यक्षात हे दोन्ही मार्ग एकाच खातेवहीची दोन पाने आहेत. दैनिकाची जी किंमत वाचक मोजतो, तीतून कागद, शाई, छपाई, वाहतूक आणि विक्रेत्याचे कमिशन यांचा मेळ बसत नाही. तो बसतो जाहिरातीच्या उत्पन्नावर. बातमी लिहिणाऱ्याचे वेतन जाहिरात आणणारा मिळवून देतो, आणि जाहिरातीला किंमत येते ती बातमीवरच्या वाचकाच्या विश्वासामुळे. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी हे एका तासात समजून घेईल. माध्यमांच्या विद्यार्थ्याला मात्र पुष्कळदा तिसरे वर्ष उजाडावे लागते.

छपाईचा विषय अभ्यासक्रमात आहे, आणि छापखाना पाहिल्याखेरीज तो समजत नाही. नरिमन पॉइंटच्या संपादकीय विभागात पान तयार झाले की ते संगणकाच्या तारेवरून महापेत पोहोचते. तेथे यंत्र त्या पानाची ॲल्युमिनियमची पातळ प्लेट बनवते. रंगीत पान असेल तर निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार प्लेटा. चारही रंग केसभरही न सरकता एकावर एक बसले पाहिजेत, नाही तर मंत्र्यांच्या चेहऱ्याला दोन नाके येतात. नंतर कागदाचे अवजड रीळ फिरू लागते, आणि पाने छापून, घडी घालून, मोजून गठ्ठे होऊन बाहेर पडतात. दूरच्या गावांची आवृत्ती आधी निघते, जवळच्या शहराची शेवटी. त्यामुळे रात्री उशिरा घडलेली घटना मुंबईच्या अंकात असते आणि कोकणातल्या अंकात नसते. यात संपादकाचा पक्षपात नसून टेम्पोचे वेळापत्रक असते. पान बंद करण्याच्या वेळेला वृत्तपत्रात इतके महत्त्व का, हे त्या टेम्पोच्या रांगेपाशी उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

याच महापेची दुसरी बाजूही विद्यार्थ्याने पाहिली पाहिजे. ३० जुलै २००५ रोजी मुंबईत 'डीएनए' हे इंग्रजी दैनिक मोठ्या गाजावाजाने सुरू झाले. तेही टीटीसीच्या याच महापे पट्ट्यात छापले जात असे. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याची छापील आवृत्ती बंद झाली आणि नाव केवळ संकेतस्थळापुरते उरले. चौदा वर्षे! त्या दैनिकाच्या आरंभी जो मुलगा पहिलीत असेल, तो ते बंद पडले तेव्हा नुकता पदवीच्या उंबरठ्यावर आला असेल. पाठोपाठ मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि मुंबईत काही दिवस घरपोच वृत्तपत्रच थांबले. मोबाइलवर बातमी फुकट वाचण्याची सवय आधीच लागली होती, ती त्या दिवसांत मुरली. ज्या व्यवसायासाठी ही पदवी घ्यायची त्याची स्थिती अशी आहे, आणि प्रवेशाच्या माहितीपत्रकातील हसऱ्या छायाचित्रांत ती दिसत नाही.

म्हणून खर्चाचा हिशेब कोरडेपणाने मांडलेला बरा. बहुतेक महाविद्यालयांत हा अभ्यासक्रम विनाअनुदानित आहे, त्यामुळे साध्या बीए वा बीकॉमपेक्षा त्याचे शुल्क अधिक असते. त्यात कॅमेरा, लॅपटॉप यांची भर. शैक्षणिक कर्ज मिळते. बँकांच्या आदर्श योजनेनुसार ४ लाखांपर्यंत पालकांना स्वतःचा हिस्सा घालावा लागत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. हप्ते शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात, मात्र व्याज पहिल्या दिवसापासून मोजले जाते, हे पुष्कळ कुटुंबांना पहिला हप्ता आल्यावरच कळते. वार्ताहराची पहिली नोकरी मोठ्या वेतनाची नसते. तेव्हा तीन वर्षांच्या पदवीसाठी मोठे कर्ज काढण्यापेक्षा जवळचे, नीट चालणारे महाविद्यालय निवडणे आणि उरलेले पैसे पुढील विशेष शिक्षणासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे ठरते. कॅमेरा तर पहिल्या वर्षी घेऊच नये. महाविद्यालयाचा वापरावा.

घरातील दुसरी शंका वेळेची असते, आणि ती क्षुल्लक नाही. दैनिकात संध्याकाळ हीच कामाची सकाळ. ज्या घरात चौविहाराचा नियम आहे, तेथे मुलगी सूर्यास्तापूर्वी कोठे जेवणार, रात्री कशी परतणार, हे प्रश्न आई विचारणारच. ट्रान्स-हार्बर मार्गावर घणसोली, कोपरखैरणे ही स्थानके जवळ असली तरी मध्यरात्री औद्योगिक वसाहतीतून स्थानकापर्यंत येणे कोणालाही आवडणार नाही. मात्र या पदवीतून निघणाऱ्या सगळ्याच वाटा रात्रीच्या नाहीत. मासिके, पुस्तक प्रकाशन, अनुवाद, जनसंपर्क, जाहिरातसंस्था, कंपन्यांचे अंतर्गत संज्ञापन ही दिवसाची कामे आहेत. महापेच्या काचेच्या इमारतींतही संगणकप्रणालीबरोबर ग्राहकाला समजेल अशी माहितीपुस्तिका द्यावी लागते, आणि ती स्वच्छ भाषेत लिहिणारा माणूस संगणकाच्या पदवीधरांत सहजी सापडत नाही.

व्यापारी घरांतील मुलांकडे या क्षेत्रासाठी एक भांडवल जन्मतःच असते, त्याची त्यांना जाणीव नसते. वाशीच्या घाऊक बाजारातील गाळ्यावर सुट्टीत बसलेल्या मुलाला उधारी, हुंडेकरी, वटाव, जीएसटीचे बिल हे शब्द शिकवावे लागत नाहीत. कंपनीचा ताळेबंद वाचून त्यातील शंकास्थळ दाखवू शकणारा मराठी वार्ताहर ही आज दुर्मीळ गोष्ट आहे. मोबाइलवर शेअर सुचवणाऱ्यांची गर्दी आहे खरी. पण गुंतवणुकीचा सल्ला व्यवसाय म्हणून देण्यास सेबीची नोंदणी लागते, हे त्यांतील कितीजण पाळतात हा प्रश्नच आहे. जाहिरातीलाही नियम आहेत. १९८५ पासून जाहिरात मानक परिषद काम करीत आहे, आणि २०२१ मध्ये तिने समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या : पैसे घेऊन केलेली प्रशंसा 'जाहिरात' म्हणून ओळखता आली पाहिजे. हे नियम जाणणारा पदवीधर आणि न जाणणारा हौशी यांच्यातील फरक व्यापाऱ्याने तरी ओळखायला हवा, कारण दंडाची नोटीस अखेर त्याच्याच दुकानाच्या पत्त्यावर येते.

पत्रकारितेच्या तिसऱ्या वर्षात वृत्तपत्र व नियतकालिक निर्मिती असा एक विषय असतो. त्यात विद्यार्थ्यांनी स्वतः अंक काढावयाचा. विषय ठरवणे, मुलाखती घेणे, मजकूर तपासणे, पाने लावणे इथपर्यंत सारे उत्साहाने होते. मग छपाईचा खर्च समोर येतो आणि मुले जाहिरात मागण्यासाठी काकांच्या, मामांच्या, वर्गमित्राच्या वडिलांच्या दुकानाच्या पायऱ्या चढतात. बहुतेक काका पाचशे रुपये काढून देतात आणि अंक पाहतही नाहीत. क्वचित एखादा विचारतो, "किती प्रती छापणार? कोण वाचणार? माझे नाव कोणत्या पानावर?" त्या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मुलांना पुन्हा वर्गात जाऊन पुस्तके उघडावी लागतात.